कमलादेवी चट्टोपाध्याय : निर्वासित छावणीपासून जनपथच्या दुकानापर्यंत

विकसनशील देशांतील स्त्रिया व्यवसायाकडे का वळतात, या प्रश्नाचा अभ्यास गेली काही दशके जगभर सुरू आहे. पोटाची गरज आणि समोर आलेली संधी, अशी दोन कारणे अभ्यासक सामान्यतः सांगतात. फाळणीनंतर दिल्ली आणि फरिदाबादच्या परिसरात ज्यांनी हजारो निर्वासितांना उद्योगाच्या वाटेवर आणले, त्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या आयुष्यात तिसरे एक कारण ठळकपणे दिसते. स्वतःच्या कमाईवर स्वतःचा हक्क असावा, हे ते कारण. त्याचा उगम त्यांच्या बालपणातच सापडतो.

कमलादेवींचा जन्म 3 एप्रिल 1903 रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर ब्रिटिश अमदानीत जिल्हाधिकारी होते. घरात सुबत्ता होती. मात्र कमलादेवी सात वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. तेव्हाच्या कायद्यानुसार सर्व मालमत्ता सावत्र मुलाकडे गेली. पत्नी गिरिजाबाई आणि लहानगी कमला यांच्या वाट्याला केवळ निर्वाहापुरती रक्कम येणार होती. गिरिजाबाईंनी ती नाकारली आणि माहेरहून मिळालेल्या स्वतःच्या धनावर मुलीला वाढवले. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळण्यासाठी 1937 साल, तर मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा मिळण्यासाठी 1956 साल उजाडावे लागले. मोठ्या घरातील स्त्रीही एका दिवसात परावलंबी होऊ शकते, हा धडा कमलादेवींना असा फार लवकर मिळाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर दोनच वर्षांत वैधव्य, असे दुःख वाट्याला येऊनही त्यांचे शिक्षण थांबले नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात असताना सरोजिनी नायडू यांचे बंधू, कवी आणि नट हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांचा परिचय झाला. विधवेचा पुनर्विवाह, तोही परजातीत, ही त्या काळी मोठी खळबळ होती. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. 1926 मध्ये कमलादेवींनी मद्रास प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी त्या पराभूत झाल्या. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची स्थापना झाली, तेव्हा संघटक सचिवपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. याच परिषदेच्या प्रयत्नांतून 1932 मध्ये दिल्लीत लेडी अर्विन महाविद्यालय उभे राहिले.

मराठी वाचकांना त्यांची ओळख मुख्यतः 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे असेल. या लढ्यात स्त्रियांनाही स्थान मिळावे, असा आग्रह त्यांनी गांधीजींकडे धरला आणि तो मान्य करून घेतला. मुंबईत चौपाटीवर कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत त्यांच्यासोबत अवंतिकाबाई गोखले होत्या. तयार केलेल्या मिठाच्या पुड्या घेऊन कमलादेवी थेट मुंबईच्या शेअर बाजारात शिरल्या आणि त्यांनी त्या तेथे विकल्या. तो अर्थातच व्यापार नव्हता, सत्याग्रह होता. तरीही पुरुषांनी गजबजलेल्या बाजारात माल घेऊन उभी राहिलेली ही तरुण स्त्री त्यांच्या पुढील कार्याची चाहूल देते, असे म्हणावेसे वाटते. त्यांना त्यानंतर कारावास भोगावा लागला. 1936 मध्ये, आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ येथे भरलेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

स्वातंत्र्यानंतर पक्षाचे राजकारण मागे ठेवून त्या निर्वासितांच्या कामाकडे वळल्या. फाळणीने सुमारे 5 लाख निर्वासित एकट्या दिल्लीत आणून सोडले होते. छावण्यांत शिधावाटप होत होते, पण ते किती दिवस पुरणार? कमलादेवींनी 1948 मध्ये इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनची स्थापना केली. दिल्लीजवळील छतरपूर भागात निर्वासित शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथे वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या 30 हजारांहून अधिक लोकांसाठी नवे नगर वसवले जात होते. तेथेही युनियनचे कार्यकर्ते पोहोचले. बन्नू, डेरा इस्माईल खान, पेशावर येथून आलेल्या या कुटुंबांनी आपली घरे बऱ्याच अंशी स्वतःच्याच श्रमाने बांधली.

या कुटुंबांतील बहुसंख्य स्त्रिया तोपर्यंत पडद्यात राहिलेल्या होत्या. मजुरीसाठी किंवा विक्रीसाठी घराबाहेर पडणे त्यांना ठाऊक नव्हते. परंतु शिवण, विणकाम, भरतकाम त्यांच्या हातात होते. पंजाब आणि हजारा भागातील फुलकारी ही तर आई आणि आजीने लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे भरलेली ठेव असे; ती विकायची वस्तू नव्हती. पती गमावलेल्या किंवा कर्ता पुरुष बेकार झालेल्या घरात हीच कला उपजीविकेचे साधन ठरू शकत होती. गरजेने त्यांना कामाला लावले, हे उघडच आहे.

पण गरज एवढीच शक्ती असेल, तर घरी बसून काम करणारी स्त्री व्यापाऱ्याच्या हाती सापडते. सूत आणि कापड तोच उधारीवर देतो, तयार मालही तोच उचलतो आणि भावही तोच ठरवतो. सहकारी संस्थेचे प्रयोजन नेमके येथे होते. कच्चा माल एकत्र खरेदी करावा, भांडवल संस्थेमार्फत मिळावे, माल आपल्याच दुकानातून विकला जावा आणि काम करणारी व्यक्ती मजूर न राहता सभासद व्हावी, अशी ही मांडणी होती. गिरिजाबाईंनी निर्वाहाची रक्कम का नाकारली, हे ज्याला समजले त्याला कमलादेवींचा दानधर्माऐवजी सहकारावरचा भर सहज समजेल.

फरिदाबादचा प्रयोग मूळ स्वरूपात टिकला नाही. कारभार सरकारी खात्यांच्या हाती गेल्यावर सहकारी संस्था मागे पडल्या. नगर मात्र वाढले, आणि जुन्या वस्तीला आजही एनआयटी म्हणजे नवे औद्योगिक नगर या नावानेच ओळखले जाते.

बाजारपेठेचे काम अधिक रुजले. 1952 मध्ये दिल्लीतील सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमचे व्यवस्थापन युनियनकडे आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुराही कमलादेवींनी सुमारे दोन दशके वाहिली. देशभर खेडोपाडी हिंडून विस्मृतीत चाललेल्या कारागिरांचा शोध त्यांनी घेतला. कलाकाराचा केवळ सत्कार करून भागत नाही, त्याच्या वस्तूला गिऱ्हाईक हवे, अशी त्यांची व्यवहारी दृष्टी होती. त्यांच्या कार्याचा गौरव 1966 मध्ये मॅगसेसे पुरस्काराने आणि 1987 मध्ये पद्मविभूषणने झाला. 29 ऑक्टोबर 1988 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांनी घडवलेले हस्तकला मंडळ केंद्र सरकारने ऑगस्ट 2020 मध्ये बरखास्त केले. जनपथवरील एम्पोरियम आता केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहे.