सातबाऱ्यासाठी लढलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड

दादासाहेब गायकवाड म्हटले की आपल्याला पहिल्यांदा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. 1930 सालच्या त्या लढ्यात ते बाबासाहेबांचे नाशिकमधील खंदे शिलेदार होते. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ज्या लढ्यात गेला, तो देवळाच्या दारापेक्षा तलाठ्याच्या दप्तराशी जास्त जोडलेला होता. तो लढा आजच्या तरुणांनी समजून घ्यावा म्हणून हा लेख.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला. ज्या समाजात ते जन्मले त्याच्याकडे जमीन नव्हती असे नाही. महार वतनाची जमीन होती. पण ती कशी? गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी करायची, त्या बदल्यात ती कसायची. चाकरी सोडली की जमीन जाणार. भावकीत वाटण्या होऊन एकेका घराच्या वाट्याला तुकडे यायचे. आणि ही गुलामी नुसती रूढीची नव्हती, तिला कायद्याचे कुंपण होते. 1874 च्या मुंबई वतन कायद्याने ती बांधून ठेवली होती. म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. पुढे सरकारने वतन जमिनींवर जुडीचा बोजा वाढवला, तेव्हा 1941 मध्ये नाशिक जिल्ह्यातच सिन्नरला त्याविरुद्ध परिषद भरली.

दादासाहेब या मुशीत घडले. 1937 मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. शेतावरचा माणूस आणि कायदेमंडळ, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले. जमीन कोणाची, हे नांगर ठरवत नाही, सरकारी कागद ठरवतो आणि तो कागद कायद्याने तयार होतो, ही गोष्ट त्यांना पक्की कळली होती. आज ज्यांच्याकडे शेकडो एकर आहेत त्यांची मालकीही कोणत्या तरी राजवटीच्या सनदेवर, इनामावर किंवा नोंदीवरच उभी आहे. मग कायद्याने दिलेले कायद्यानेच फिरवता येते. बाबासाहेबांनी तर 1947 मध्ये राज्यघटनेसाठी दिलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती.

1957 मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. धम्मदीक्षेनंतर गावोगावी बौद्धांनी गावकीची कामे सोडली. स्वाभिमान मिळाला, पण चुलीचा प्रश्न उभा राहिला. 1958 चा कायदा करून मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली. चाकरीचे जोखड गेले, हे मोठेच काम झाले. मात्र त्याच कायद्याने जमीन आधी सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम भरल्यावर नव्या शर्तीवर परत मिळणार होती. ज्यांना रक्कम भरता आली नाही किंवा कागद कळला नाही, ते मागे राहिले. एकच कायदा, पण कागद हाताळणाऱ्याला तो मालक करतो आणि न हाताळणाऱ्याला उपरा.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते त्यांचे काय? 1959 मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मागणी साधी होती. सरकारी पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना कसायला द्या, मग ते कोणत्याही जातीचे असोत. रिपब्लिकन पक्षातल्या सुशिक्षितांच्या एका गटाला हा मार्ग पटला नाही, पक्षात फूट पडली. दादासाहेब भूमिहीनांसोबत राहिले.

6 डिसेंबर 1964 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, हाच लढा देशभर सुरू झाला. 3 लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले असे सांगितले जाते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दखल घ्यावी लागली, आश्वासने मिळाली आणि 1965 च्या फेब्रुवारीत सत्याग्रह थांबला. पण आश्वासन म्हणजे कायदा नव्हे. त्याच मागणीपत्रातील दोन मागण्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र आणि बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती, पूर्ण व्हायला 1990 साल उजाडले. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. त्यांना ते पाहता आले नाही.

आज त्यांच्या नावाने राज्याची योजना आहे. तिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. दुसरीकडे पिढ्यान् पिढ्या गायरान कसणाऱ्यांना अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा येतात. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले होते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, पण त्यातही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. हा अपवाद कोणाला लाभतो? ज्याच्याकडे पुरावा आहे त्याला. दंडाच्या पावत्या, गाव नमुना 1-ई मधील नोंद, पीकपाहणी, जुने अर्ज.

म्हणून आपल्या गावातल्या आजी-आजोबांच्या पेटीतले कागद आपण काढून वाचले पाहिजेत. वतनाच्या जमिनीचे फेरफार तपासले पाहिजेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत तहसीलला गेले पाहिजे. आणि जिथे कायदाच आड येतो तिथे तो बदलून घेण्यासाठी रस्त्यावर आणि सभागृहात, दोन्हीकडे उभे राहिले पाहिजे. दादासाहेबांनी आयुष्यभर हेच केले.

कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम!