नित्य जागृत साधक : रेव्हरंड टिळक

भक्तिमार्गानें चालणाऱ्या मनुष्याचा घात नेहमीं मोठ्या पापानेंच होतो असें नाहीं. पुष्कळ वेळां तो आत्मसंतोषानें होतो. प्रार्थना चुकत नाहीं, उपासनेस हजेरी असते, लोक सज्जन म्हणतात. परंतु अंतरींचा झरा केव्हां आटला हें कळतही नाहीं. या शत्रूस जन्मभर थारा न देणारे महाराष्ट्राचे थोर ख्रिस्ती कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. नाशिक येथें गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. कवित्व व वक्तृत्व हे दोन्ही गुण त्यांच्या अंगीं होते. पण त्यामुळें मिळणाऱ्या मानानें त्यांचें मन तृप्त होईना. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां एका अपरिचित युरोपियन गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. तींतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. पुढें विचारांतीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबई येथें बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाची किंमत त्यांस भरपूर द्यावी लागली. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांची व त्यांची कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

एवढें सोसल्यावर आतां स्वस्थ बसावें, असें कोणासही वाटलें असतें. तशी अनुकूलताही होती. अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत ते मानानें नांदत होते. उपदेशक होऊं पाहणाऱ्यांस ते शिकवीत. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचें संपादन त्यांजकडे आलें. त्यांचीं भजनें मंडळ्यांतून गाइलीं जाऊं लागलीं. १९०९ सालीं त्यांनीं ख्रिस्तायन हें महाकाव्य आरंभिलें. कीर्ति, पद, वेतन, घरदार, कशाचीच उणीव नव्हती.

आम्हांस वाटतें, खरी कसोटी ती हीच. संकटांत देवाचा धांवा सारेच करितात. सुस्थितींत त्याची ओढ टिकविणारे थोडे. टिळकांची ओढ टिकली. आपली ख्रिस्ती मंडळी परक्या आश्रयावर विसंबून राहिली आहे, तिनें या देशाच्या भक्तिपरंपरेंतून ख्रिस्ताची सेवा करावी, ही तळमळ त्यांस स्वस्थ बसूं देईना. १९१७ सालीं, वयाचीं पंचावन्न वर्षें उलटल्यावर, त्यांनीं मिशनची वेतनी चाकरी सोडिली, संन्यस्त वृत्ति धरिली आणि साताऱ्यास वास्तव्य करून 'देवाचा दरबार' स्थापण्याचें काम हातीं घेतलें. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ व्हावा, हा त्यांचा हेतु होता.

हें काम फार दिवस त्यांच्या हातून व्हावयाचें नव्हतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. दरबार बाल्यावस्थेंतच राहिला. ख्रिस्तायनही अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. लौकिक दृष्टीनें पाहतां हा शेवट अपुरा दिसेल. पण हातांतलें काम संपण्यापूर्वीं मालकाचें बोलावणें यावें, हें स्वस्थ बसलेल्या चाकराच्या वांट्यास येत नाहीं.

टिळकांप्रमाणें सर्वांनीं नोकरी सोडावी, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शास्त्राच्या परीक्षेंत बक्षीस मिळालें म्हणून ज्या विद्यार्थ्यानें पवित्र शास्त्र फळीवर ठेवून दिलें, किंवा सकाळच्या प्रार्थनेंत ओठ हालवीत ज्याचें चित्त खेळाच्या मैदानावर असतें, त्यानें या चरित्राकडे एकवार पाहावें. तीच गोष्ट शिकविणाऱ्या आम्हां सर्वांची. वर्षानुवर्षें तोच धडा सांगतांना तो आपल्यासाठींही आहे, याचा विसर पडूं देतां कामा नये. काल देवाशीं झालेल्या भेटीवर आजचा दिवस ढकलूं नये. आज पुन्हां त्याच्या पायांपाशीं जावें, एवढेंच या चरित्राचें मागणें आहे.