लुई आर्मस्ट्राँग

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या मुखापासून काही अंतरावर, न्यू ऑर्लिन्स हे जुने बंदर वसले आहे. एके काळी या शहरात आफ्रिकी वंशाच्या स्त्रीपुरुषांची गुलाम म्हणून खरेदीविक्री होत असे. आठवडाभर राबणाऱ्या या गुलामांना रविवारी काँगो चौक नावाच्या मोकळ्या मैदानात जमण्याची मुभा होती. तेथे ते आपल्या मायभूमीचे ढोल वाजवीत आणि त्या तालावर नाचत. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु दारिद्र्य आणि अपमान संपले नाहीत. त्या लोकांचे ताल, शेतात राबताना म्हटलेली गाणी, चर्चमधील भजने आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये यांच्या मिलाफातून याच शहरात एक नवे संगीत जन्मास आले. त्यास जॅझ असे म्हणतात. जॅझमध्ये मूळ चाल सर्व वादकांस ठाऊक असते. पण ती कशी फुलवायची, हे प्रत्येक जण त्या त्या क्षणी आपल्या प्रतिभेने ठरवितो. आपल्याकडील गवई एकच बंदिश दर वेळी नव्याने रंगवितो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या शहराच्या एका अत्यंत दरिद्री वस्तीत 4 ऑगस्ट 1901 रोजी लुई आर्मस्ट्राँग याचा जन्म झाला. तो स्वतः मात्र आपला जन्म 4 जुलै 1900 रोजी झाला असे जन्मभर समजत होता. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर चर्चच्या दप्तरात सापडली. लुई तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. पहिली काही वर्षे आजीने त्याला वाढविले. पुढे तो आई आणि धाकटी बहीण यांच्याजवळ राहू लागला. आई लोकांकडे धुणीभांडी करी. मिळकत इतकी तुटपुंजी होती की, लुईला लहानपणापासूनच चार पैसे मिळविण्यासाठी बाहेर पडावे लागले.

कार्नॉफ्स्की नावाचे एक ज्यू कुटुंब युरोपातून येऊन न्यू ऑर्लिन्सला स्थायिक झाले होते. भंगार गोळा करणे आणि कोळसा विकणे हा त्यांचा धंदा. लुई त्यांच्या गाडीवर बसे आणि गाडी आल्याची वर्दी देण्यासाठी पत्र्याचे शिंग फुंकी. शिंग फुंकता फुंकता तो त्यातून चाली काढू लागला, तेव्हा रस्त्यावरची मुले थबकून ऐकू लागली. एके दिवशी गहाणवटीच्या दुकानात त्याला एक जुने, काळवंडलेले कॉर्नेट दिसले. कॉर्नेट हे तुतारीसारखे तोंडाने फुंकावयाचे पितळी वाद्य होय. कार्नॉफ्स्की कुटुंबाने त्याला उसने पैसे दिले आणि त्याने ते मजुरीतून थोडे थोडे करून फेडले. हे कुटुंब कामकरी पोराला आपल्याबरोबर जेवावयास बसवी. स्वतः ज्यू असल्यामुळे त्यांनाही लोकांचा तिरस्कार सोसावा लागतो, हे त्या वयातही लुईच्या ध्यानात आले. ती माया तो विसरला नाही. मोठेपणी तो गळ्यात ज्यू लोकांचा तारा घालीत असे आणि 1969 साली रुग्णशय्येवर असताना त्याने या कुटुंबाच्या आठवणी लिहून काढल्या.

1912 सालच्या अखेरच्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात लुईने घरातील पिस्तूल आणून हवेत गोळी झाडली. पोलिसाने त्याला जागीच पकडले आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णी मुलांच्या सुधारगृहात झाली. घरापासून तुटलेला तो मुलगा प्रथम अन्नालाही शिवेना. तेथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक होते. बदनाम वस्तीतून आलेल्या या मुलाकडे त्यांनी आरंभी संशयानेच पाहिले. परंतु त्याची चिकाटी पाहून त्यांचे मन पालटले. एकेक वाद्य हाताळीत लुई अखेर कॉर्नेटपर्यंत पोहोचला आणि सुधारगृहाच्या बँडचा प्रमुख झाला. हा बँड जेव्हा त्याच्या जुन्या वस्तीतून वाजतगाजत गेला, तेव्हा दारोदार उभ्या राहिलेल्या लोकांनी मुलांवर पैशांचा वर्षाव केला. ज्या रस्त्यावरून पोलिसांनी त्याला नेले होते, त्याच शहरात तो मानाने परतला.

1914 साली सुटका झाल्यावर लुई दिवसा कोळशाची गाडी हाकी आणि रात्री जेथे संधी मिळेल तेथे वाजवी. त्या काळी जो ऑलिव्हर हा शहरातील अग्रगण्य कॉर्नेटवादक होता. लोक त्याला राजा म्हणत. लुई त्याच्या घरची किरकोळ कामे करी आणि त्याच्याकडून वादनाचे धडे घेई. ऑलिव्हरने त्याला आपले जुने कॉर्नेटही दिले. पुढे लुईने मिसिसिपीवरील उतारू बोटींच्या बँडमध्ये नोकरी धरली. तेथे तो स्वरलिपी वाचावयास शिकला.

1922 साली शिकागोहून ऑलिव्हरचे बोलावणे आले आणि लुई गुरूच्या शेजारी बसून वाजवू लागला. दुसऱ्या वर्षी त्या बँडच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मायक्रोफोनचा उपयोग सुरू झाला नव्हता. सारे वादक एका मोठ्या कर्ण्याभोवती उभे राहून वाजवीत. लुईचा स्वर इतका बुलंद होता की, इतरांचे वादन झाकले जाऊ नये म्हणून त्याला त्यांच्या पुष्कळ मागे उभे करावे लागले, असे त्याच बँडमधील पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. पुढे 1924 मध्ये या दोघांचा विवाह झाला. गुरूच्या सावलीत न राहता लुईने स्वतंत्र व्हावे, असा आग्रह तिनेच धरला.

1925 ते 1928 या काळात आर्मस्ट्राँगने आपल्या छोट्या वाद्यवृंदासह ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांनी जॅझची दिशाच बदलली. तोपर्यंत जॅझमध्ये सर्व वादक मुख्यतः एकत्र वाजवीत. आर्मस्ट्राँगने एकट्या वादकाला पुढे आणले. बाकीचे साथ करीत आहेत आणि एकच वादक आपल्या मनातील सुखदुःख स्वरांतून उलगडीत आहे, ही रीत त्याच्यामुळे रूढ झाली. 1926 मधील एका मुद्रिकेत त्याने शब्द सोडून नुसत्या निरर्थक अक्षरांवर गाणे रंगविले. आपल्या तराण्याची आठवण करून देणारा हा गानप्रकार त्या मुद्रिकेमुळे लोकप्रिय झाला. याच सुमारास तो कॉर्नेट सोडून ट्रंपेट वाजवू लागला.

शिष्याची कीर्ती वाढत असता गुरूचे दैव मात्र फिरले. हिरड्यांच्या रोगाने ऑलिव्हरचे दात गेले आणि त्याला वाजविणे अशक्य झाले. 1937 साली दौऱ्यावर असताना सॅव्हाना शहरात आर्मस्ट्राँगला तो भेटला. एके काळचा तो राजा भाजी विकीत होता. आर्मस्ट्राँगने आपल्याजवळचे पैसे गुरूच्या हातात ठेवले आणि त्याच्या सहकाऱ्यांनीही भर घातली. पुढील वर्षी ऑलिव्हर निवर्तला. आपल्या यशाचे श्रेय आर्मस्ट्राँग अखेरपर्यंत त्याला देत राहिला.

आर्मस्ट्राँगचे संगीत आता देशोदेशी पोहोचले होते. 1956 साली तो आफ्रिकेत, लवकरच घाना या नावाने स्वतंत्र होणाऱ्या देशात गेला, तेव्हा त्याला ऐकण्यासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला. आपल्या देशाशीही त्याचा संबंध आला. मुंबईतील हॉटेलांतून जॅझ वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांत चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा ट्रंपेटवादक तर भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतून त्याचा ट्रंपेट घरोघरी ऐकू गेला. 1964 साली स्वतः आर्मस्ट्राँगही मुंबईस येऊन गेला.

रंगमंचावर आर्मस्ट्राँग नेहमी हसतमुख असे. पण हे हसू गोऱ्या श्रोत्यांना खूष करण्यासाठी आहे, अशी टीका त्याच्याच लोकांतील काही तरुण करीत. 1957 साली त्याच्या कसोटीचा प्रसंग आला. लिटल रॉक या गावी नऊ कृष्णवर्णी मुले गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकावयास निघाली. न्यायालयाने त्यांना तो हक्क दिला होता. पण राज्याच्या गव्हर्नराने त्यांना अडविण्यासाठी शाळेच्या दारात सैनिक उभे केले. त्याच सुमारास अमेरिकेचे सरकार आर्मस्ट्राँगला आपला सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून सोव्हिएत संघात पाठविण्याच्या विचारात होते. एका तरुण वार्ताहरापाशी त्याने परखड शब्दांत सरकारचा निषेध केला आणि आपल्या बांधवांना अशी वागणूक मिळत असता त्या सरकारच्या वतीने आपण परदेशी जाणार नाही, असे जाहीर केले. त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घालण्याची हाकाटी झाली. तथापि त्याने आपला शब्द मागे घेतला नाही. थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सेना पाठवून त्या मुलांना शाळेत पोहोचविले, तेव्हा त्यांचे तारेने अभिनंदन करण्यासही तो चुकला नाही.

गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एका रंगमंचावर बसू नये, असा कायदा 1956 साली त्याच्या जन्मप्रांतात झाला होता. आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदात दोन्ही वर्णांचे वादक असत. सहकाऱ्यांना वगळून गावात पाऊल टाकण्यापेक्षा त्याने जन्मगावच टाळले. 1964 साली समान नागरी हक्कांचा कायदा झाला आणि पुढील वर्षी तो न्यू ऑर्लिन्सच्या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला.

6 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या साध्या घरी आर्मस्ट्राँगचे निधन झाले. आज त्या घराचे संग्रहालय झाले आहे. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळाला त्याचे नाव आहे. आणि ज्या काँगो चौकात गुलाम रविवारपुरते स्वतःचे होत, तो चौक आज एका विस्तीर्ण उद्यानात सामावला आहे. त्या उद्यानाचे नावही लुई आर्मस्ट्राँग उद्यान असेच आहे.