टिन्सलीबाई आणि दूरच्या दीर्घिका

मी व्हायोलिन शिकवणारा माणूस. आकाशातल्या गोष्टींत मला गती बेताचीच. तरी बिअट्रिस टिन्सली या खगोलशास्त्रज्ञ बाईंविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण बाई उत्तम व्हायोलिन वाजवीत. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय युवक वाद्यवृंदात त्यांनी साथ केली होती.

जन्म १९४१ सालचा, इंग्लंडातील चेस्टरचा. लहानपण मात्र न्यूझीलंडात गेले. लग्न होऊन १९६३ साली त्या पतीबरोबर अमेरिकेत डलास येथे आल्या. तेथे मनाजोगे काम मिळेना. म्हणून कित्येक कोस दूर ऑस्टिनच्या विद्यापीठात जाऊन येऊन त्यांनी १९६६ साली प्रबंध पुरा केला.

प्रबंधाचा विषय मोठा. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षे लागतात, म्हणजे आपण पाहतो ते तिचे तरुणपण. मोठे निळे तारे तापट आणि उधळे. जळण भराभर संपवून ते विझतात. लहान तांबडे तारे काटकसरीने दीर्घकाळ टिकतात. मैफलीत तडफदार गवई मध्यरात्रीच दमावा आणि जुनी मंडळी पहाटेपर्यंत बसावीत, तसेच हे. नवे तारे जन्मेनासे झाले की दीर्घिका तांबूस व मंद होत जाते. ती किती व केव्हा, याचा हिशेब बाईंनी गणकयंत्रावर मांडला.

त्या काळी ॲलन सँडेजसारखे थोर ज्योतिर्विद लंबगोल दीर्घिकांच्या तेजावरून विश्वाच्या प्रसरणाचे मोजमाप करीत. दीर्घिकेचे तेज वयाबरोबर इतके बदलत असेल तर ते मोजमापच डळमळते, असे या नवख्या बाईंनी दाखविले. वाद बराच रंगला. दीर्घिकांचे वय हिशेबात धरल्याशिवाय चालत नाही, हे पुढे सर्वांनीच मानले.

घरची किंमत मात्र जबर पडली. १९७४ साली घटस्फोट झाला. दोन्ही दत्तक मुले वडिलांकडे राहिली. यावर न्याय करायला आपण कोण? १९७५ साली बाई येल विद्यापीठात गेल्या. तेथे रिचर्ड लार्सन यांच्याबरोबर त्यांनी १९७८ साली दाखविले की वेड्यावाकड्या आकाराच्या, एकमेकींशी झुंजणाऱ्या दीर्घिकांच्या रंगांत फार तफावत असते. टक्करीमुळे तेथे नव्या ताऱ्यांचे पेव फुटते. आकार आणि रंग यांची सांगड तेथे बसली. त्याच वर्षी त्या येलमध्ये खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आणि त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. शेवटी उजवा हात चालेना. व्हायोलिन धरणाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. गज उजव्याच हातात असतो. बाईंनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि अखेरचा निबंध तसाच पुरा केला. २३ मार्च १९८१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. निबंध त्यांच्या मागून छापला गेला.