खिशात मावणारा कॅमेरा

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा वनप्रदेश आहे. उंच वृक्ष, टेकड्यांवरून जाणाऱ्या पाऊलवाटा आणि दऱ्यांतून वाहणारे झरे यांमुळे तो फार रमणीय झाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एक तरुण कारागीर सुट्टीच्या दिवशी या वाटांनी हिंडत असे. पाठीवर मोठा कॅमेरा, हातात तिपाई आणि पिशवीत छायाचित्रांच्या जड काचा, असा त्याचा सरंजाम असे. थोडा चढ लागला की त्याला धाप लागे. कारण त्याला दम्याचा विकार होता. छायाचित्रे घेण्याची हौस दांडगी. पण ओझे वाहण्याची शक्ती तोकडी! दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी हौसच सोडून दिली असती. या तरुणाने मात्र ओझे कमी करण्याचे ठरविले. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक.

ऑस्करचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लिनोव या खेड्यात झाला. शाळा सुटल्यावर तो बर्लिनजवळ खगोलनिरीक्षणाची उपकरणे बनविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. अशा उपकरणांत केसाएवढी चूकही चालत नाही. तेथेच त्याच्या हाताला अचूकपणाचे वळण लागले. पुढे ठिकठिकाणी काम करीत १९०२ साली तो येना येथील कार्ल त्साइस या विख्यात भिंगांच्या कारखान्यात नोकरीस लागला. थुरिंगियाचे वन तेथून जवळच होते.

त्या काळी छायाचित्र घेणे हे मोठे सायासाचे काम होते. कॅमेरा तिपाईवर बसवावा लागे. त्याच्या मागच्या बाजूस एक धुरकट काच असे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काचेत पाही, तेव्हा त्याला समोरचे दृश्य उलटे दिसे. ते नीट जुळवून झाले की रसायनाचा लेप दिलेली काच त्या जागी बसवावी लागे. ही काच बसली की धुरकट काचेवरचे चित्र झाकले जाई. म्हणजे छायाचित्र घेण्याच्या ऐन क्षणी आत काय उमटत आहे, हे छायाचित्रकाराला दिसतच नसे! धावते मूल, उडता पक्षी किंवा हसता चेहरा त्याच्यासाठी कसा थांबणार?

बार्नाक ज्या काचा वापरी, त्या १३ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब होत्या. १९०५ च्या सुमारास त्याने एकाच काचेवर अनेक चिमुकली चित्रे घेऊन पाहिली. पण त्या काचांवरील लेपाचे कण जाडेभरडे होते. लहान चित्र मोठे करून पाहावे, तर कणच कण दिसत आणि चित्र पुसट होई. प्रयोग फसला; परंतु लहान चित्रावरून मोठे चित्र करण्याची कल्पना त्याच्या मनात रुजली, ती कायमचीच.

१९११ साली बार्नाक लान नदीच्या काठी असलेल्या वेट्झलार गावी आला. तेथे लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा मोठा कारखाना होता. त्याचा जुना मित्र एमिल मेशाऊ तेथे चलच्चित्रे दाखविण्याच्या यंत्रावर काम करीत होता. बार्नाकलाही चलच्चित्रांच्या फिल्मचा परिचय झाला. ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असून तिच्या दोन्ही कडांना भोके असत. तिचा लेप जुन्या काचांवरील लेपापेक्षा बारीक कणांचा होता. बार्नाकला हवी असलेली वस्तू सापडली!

चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते आणि तिच्यावर १८ बाय २४ मिलिमीटरचे चित्र उमटते. बार्नाकने फिल्म आडवी सरकविली आणि दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. अशा रीतीने २४ बाय ३६ मिलिमीटर हे माप सिद्ध झाले. त्याच्या जुन्या काचेवर अशी पंचवीस चित्रे मावली असती! फिल्म पुढे सरकविण्यासाठी कळ फिरविली की पडदाही आपोआप पुढच्या चित्रासाठी सज्ज होई. १९१४ पर्यंत हातात सहज मावेल असा धातूचा कॅमेरा तयार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. वेट्झलारच्या रस्त्यांवर जमलेली माणसे बार्नाकने या कॅमेऱ्याने टिपली. पण युद्धामुळे कॅमेऱ्याचे काम मात्र मागे पडले.

युद्ध संपले, तरी जर्मनीचे हाल संपले नाहीत. महागाई एवढी भडकली की सकाळी मिळालेल्या पैशांना संध्याकाळी किंमत उरत नसे. अशा दिवसांतही बार्नाक कॅमेऱ्यात सुधारणा करीत राहिला. माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने त्यासाठी उत्तम भिंगरचना केली. १९२३ साली काही थोडे कॅमेरे करून ते जाणकारांना वापरावयास दिले गेले. सर्वांचे मत अनुकूल पडले नाही. एवढ्याशा फिल्मवर आणि एवढ्याशा यंत्रावर पुष्कळांचा विश्वास बसेना.

जून १९२४ मध्ये कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी प्रमुख सहकाऱ्यांची बैठक बोलाविली. हा कॅमेरा खपला नाही, तर पैसा बुडणार होता. न काढावा, तर त्या कठीण काळात कामगारांना नवे काम मिळण्याची एक संधी जाणार होती. पुष्कळांनी धोका दाखविला. लाइट्झ यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि अखेर धोका पत्करण्याचा निर्णय दिला. एका आजारी कारागिराच्या वीस वर्षांच्या ध्यासावर त्यांनी विश्वास टाकला.

१९२५ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याला लायका हे नाव देण्यात आले. त्याच्या माथ्यावर एक छोटी नळी होती. तिच्यातून दृश्य न्याहाळता येई. हाच त्याचा व्ह्यूफाइंडर. आता काळे कापड नको, तिपाई नको. डोळा नळीला लावावा, दृश्य सुलटे पाहावे आणि योग्य क्षण येताच कळ दाबावी. एका फिल्मवर छत्तीस छायाचित्रे निघत. छायाचित्रकार खोलीतून रस्त्यावर, बाजारात आणि डोंगरावर आला.

बार्नाक एवढ्यावर थांबला नाही. १९३२ च्या नव्या लायकात त्याने अंतर मोजण्याची सोय केली. एका खिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. त्या एकमेकींवर तंतोतंत आल्या की भिंग बरोबर जुळे. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे छप्पन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

लायकातही एक उणीव होती. व्ह्यूफाइंडरची खिडकी भिंगापासून थोडी दूर होती. त्यामुळे जवळची वस्तू डोळ्याला एका जागी दिसे आणि फिल्मवर किंचित सरकून उमटे. बार्नाकच्या निधनाच्याच वर्षी ड्रेस्डेनच्या इहागी कारखान्याने त्याच फिल्मसाठी आत आरसा असलेला कॅमेरा काढला. भिंगातून आलेले दृश्य आरसा वर पाठवी, म्हणून भिंग जे पाही तेच डोळ्यालाही दिसे. आजचा डीएसएलआर कॅमेरा याच कुळातला. पण आरशाला जागा लागते आणि कॅमेरा जाड होतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा काढून टाकला आहे. व्ह्यूफाइंडरमधील चिमुकल्या विद्युत्पडद्यावर दृश्य दिसते. डीएसएलआरमध्ये डोळ्याला प्रत्यक्ष प्रकाश दिसतो आणि बॅटरी अधिक काळ पुरते. मिररलेसमध्ये ओझे कमी होते आणि छायाचित्र कसे येईल, ते आधीच दिसते. दोहोंतून एकाची निवड करणारा मनुष्य कळत नकळत बार्नाकचाच प्रश्न सोडवीत असतो: डोळ्याला काय दिसावे आणि खांद्याने किती वाहावे?

आज फिल्मची जागा विद्युत्पटलाने घेतली आहे. परंतु दोन्ही प्रकारच्या अनेक उत्तम कॅमेऱ्यांत या पटलाचे माप सुमारे २४ बाय ३६ मिलिमीटर हेच असते. बार्नाक स्वतः वापरीत असलेला १९२३ चा एक कॅमेरा जून २०२२ मध्ये वेट्झलार येथे लिलावात निघाला. त्याला १ कोटी ४४ लाख युरो किंमत आली. त्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर त्याचे नाव कोरलेले आहे. ज्याला चार पावले चढताना धाप लागे, त्याने साऱ्या जगातील छायाचित्रकारांच्या पाठीवरचे ओझे उतरविले. स्वतःची अडचण दूर करताना त्याने इतरांची वाट सोपी केली, हेच त्याचे खरे मोठेपण होय.