कल्याणची यमुना डॉक्टर झाली त्याची गोष्ट

शेतकरी बंधूंनो, मुरबाड-शहापूरकडून तुम्ही कामाधामासाठी कल्याणला येता. याच कल्याणच्या जोशी घराण्यातली एक मुलगी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी. नाव शाळेत ऐकले असेल, पण ती या वाटेला का लागली ते ऐका.

माहेरचे नाव यमुना, जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने कितीतरी मोठा, बिजवर. बायकोला शिकवायचेच, हा त्याचा हट्ट. अभ्यास सोडून चुलीपाशी दिसली तर मारायचा, हेही लपवू नये. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. धड औषधपाणीच मिळाले नाही. तिथून तिच्या मनाने घेतले की डॉक्टर व्हायचे.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक मंडळी, रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी शोधायची पाळी तुमच्यावर आली असेल. आता 108 ला फोन लावला की गाडी येते. वाडीपर्यंत रस्ता असेल तर! त्या काळी बाई अडली की सुईण आणि देव. पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज वाटायची, घरचेही जाऊ देत नसत. दुखणे अंगावर काढून बाया मरत. आनंदीबाईंनी नेमके हेच 1883 साली कलकत्त्याजवळ सेरामपूरला भरसभेत मांडले. आपल्या देशाला बायकांच्या डॉक्टरणी हव्यात, मी शिकून येते, आणि धर्म बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले. आधी लोक टोमणे मारत होते. सभेनंतर मदतही येऊ लागली.

त्याच वर्षी एप्रिलात त्या बोटीत बसल्या. नवरा सोबत नाही, वय अठरा. तिकडे कार्पेंटरबाईंनी पोटच्या मुलीसारखे सांभाळले. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. हाडे गोठवणारी थंडी, अंगावर लुगडे आणि जेवण शाकाहारी. तब्येत खचत गेली, क्षय जडला. तरी तीन वर्षांचा कोर्स पुरा केला. प्रबंधाचा विषय निवडला तोही हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातला बायकांचा विभाग त्यांच्या हवाली करायचे ठरवले होते. वर्षअखेरीस त्या परतल्या त्या आजारीच. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर कमी होता. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या कल्याणच्या लेकीचा दगड उभा आहे.