जिद्दीचे कादंबरीकार : नाथमाधव

विद्यार्थी मित्रांनो, साहसाच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत? सात प्रश्नांची उत्तरे शोधायला निघालेला हातिमताई तुम्हांला ठाऊक आहे. अमीर हमजाच्या दास्तानीतील तिलिस्म आणि वेष पालटणारे अय्यार यांच्या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी दादीकडून किंवा नानीकडून ऐकल्या असतील. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही उर्दूतील भली मोठी दास्तान १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून छापून निघू लागली. त्याच्या एकच वर्ष आधी आपल्या मुंबईत एका मुलाचा जन्म झाला होता. पुढे याच मुलाने मराठी वाचकांना अशाच साहसी गोष्टींचे वेड लावले. त्याचीच ही हकिकत आहे.

त्याचे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२ चा. पण या नावाने त्यांना फार थोडे लोक ओळखतात. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातील ‘माधव’ हे दोन शब्द जोडून त्यांनी ‘नाथमाधव’ हे टोपणनाव घेतले आणि तेच प्रसिद्ध झाले.

नाथमाधव तरुणपणी कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी करत होते. तुम्ही अंधेरीला किंवा बोरिवलीला लोकलमध्ये बसलात, की गाडी चर्चगेटला थांबते. त्या काळी ती चर्चगेटच्याही पुढे थेट कुलाब्यापर्यंत जात असे. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले.

नाथमाधवांना शिकारीचा मोठा नाद होता. बंदूक घ्यावी, डोंगर चढावा, रान तुडवावे, यात त्यांना आनंद वाटे. आज आपल्या देशात वन्य प्राण्यांची शिकार करण्यास कायद्याने बंदी आहे. पण त्या काळी शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई.

एकदा ते शिकारीसाठी सिंहगडाच्या परिसरात गेले. सिंहगड पुण्याजवळ आहे. त्याचे जुने नाव कोंढाणा. १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात याच गडाचा कडा चढून गेले. गड जिंकला, पण तानाजी कामी आले. हरी नारायण आपटे यांनी त्यावर ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि ती १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या डोंगरावर तानाजींनी पराक्रम केला, तेथेच नाथमाधवांवर संकट कोसळले. ते कड्यावरून खाली पडले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले.

मित्रांनो, त्यांच्या स्थितीचा क्षणभर विचार करा. वय ऐन तारुण्याचे. कालपर्यंत डोंगर चढणाऱ्या माणसाला आज स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते. नोकरी गेली, शिकार सुटली. त्या काळात अशा रुग्णाला आजच्यासारखे उपचार मिळत नसत. घराच्या चार भिंती आणि एक अंथरूण एवढेच जग उरले होते. अशा वेळी कोणीही खचून गेला असता, तर त्याला आपण दोष दिला नसता.

नाथमाधव मात्र पुस्तकांकडे वळले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचनाचा सपाटा लावला. वाचता वाचता लिहावेसे वाटू लागले. १९०८ मध्ये त्यांची ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’ आली. तांडेल म्हणजे गलबतावरील खलाशांचा प्रमुख. ज्याला घराचा उंबरठा ओलांडणे कठीण, त्याने वाचकांना थेट समुद्रावरील माणसांत नेले!

१९१३ मध्ये त्यांची ‘वीरधवल’ ही कादंबरी आली. हे वर्ष तुम्ही दुसऱ्या एका गोष्टीसाठीही लक्षात ठेवा. याच वर्षी ३ मे रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईत लोकांसमोर आला. म्हणजे सिनेमा नुकताच जन्मला होता. रेडिओ तर अजून यायचा होता. राजवाडे, लढाया आणि संकटे डोळ्यांसमोर उभी करण्याचे काम तेव्हा पुस्तकेच करत. ‘वीरधवल’ने ते काम इतके चांगले केले, की नाथमाधवांचे नाव घेतले की ही कादंबरी आधी आठवते.

‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी आहे. अद्भुतरम्य म्हणजे काय? ज्या गोष्टीत आश्चर्य आणि रंजकता दोन्ही असतात, ती अद्भुतरम्य. अशा कादंबऱ्यांतील राज्ये नकाशावर सापडत नाहीत. त्यांत शूर नायक असतो, कपटी शत्रू असतात, गुप्त वाटा आणि वेषांतरे असतात. एक संकट टळते न टळते, तोच दुसरे उभे राहते. पुढे काय होणार, या उत्सुकतेने वाचक पान उलटत राहतो.

यानंतर नाथमाधव कल्पनेच्या राज्यातून इतिहासाकडे आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्यावर त्यांनी कादंबऱ्यांची एक मालाच लिहायला घेतली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी तिची नावे आहेत. ज्या गडकोटांवर त्यांना पुन्हा पाय ठेवता येणार नव्हता, तेथील घोड्यांच्या टापा आणि तोफांचे आवाज त्यांनी शब्दांतून ऐकवले.

मात्र त्यांनी केवळ लढायाच रंगवल्या असे समजू नका. ‘डॉक्टर’ यासारख्या सामाजिक कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. स्त्रियांनी शिकावे, समाजातील वाईट रूढी जाव्यात, असे त्यांना मनापासून वाटे. रूढीविरुद्ध उभे राहायलाही धैर्य लागतेच. २१ जून १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना अवघे ४६ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातही लेखनाचा काळ सुमारे २० वर्षांचा. तेवढ्या काळात अंथरुणावरून त्यांनी कादंबऱ्यांची रांग उभी केली.

जगात असे आणखी लेखक होऊन गेले आहेत. ‘ट्रेझर आयलंड’ ही चाचे आणि खजिन्याची इंग्रजी कादंबरी लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन लहानपणापासून आजारी असत. त्यांचेही कितीतरी दिवस अंथरुणावर गेले. पण त्यांच्या लेखणीने वाचकांना दूरच्या बेटांची सफर घडवली.

मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. तुम्हांला साहसकथा आवडत असतील, तर आधी ‘वीरधवल’ वाचा. मग ‘सावळ्या तांडेल’ आणि त्यानंतर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ हाती घ्या. या कादंबऱ्या शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांची भाषा थोडी जुनी वाटेल, काही वाक्ये लांबलचक असतील. पण घाबरू नका. उर्दू जाणणाऱ्यांना अशा मराठी गोष्टींत कितीतरी ओळखीचे शब्द भेटतात. फौज, सरदार, किल्लेदार, शिलेदार, तोफ, खंदक, मुलूख, खजिना हे शब्द तुम्हांला कोणी समजावून सांगायला हवेत का? खुद्द ‘शिकार’ हा शब्दही दोन्ही भाषांत एकच आहे. एखादा शब्द अडला, तर थांबू नका, पुढे वाचा. गोष्टच तुम्हांला अर्थ सांगेल. अगदीच अडले, तर आपल्या शिक्षकांना विचारा.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, तुम्ही कोठेही राहात असा, एखादे मराठी वाचनालय फार दूर नसते. शाळेचे ग्रंथालय तर जवळच आहे. तेथे नाथमाधवांची पुस्तके मागा. वाचताना एवढेच ध्यानात ठेवा, की डोंगर चढणारे आणि घोडे फेकणारे हे वीर ज्याने घडवले, त्याला स्वतःला एक पाऊलही चालता येत नव्हते. आपल्याजवळचे काय गेले, हे मोजत बसण्याऐवजी काय उरले आहे, हे त्यांनी पाहिले. वाचायला डोळे, लिहायला हात आणि कल्पना करायला मन उरले होते. तेवढ्यावर त्यांनी हजारो वाचकांना आनंद दिला.